कोयत्याशेजारचा लॅपटॉप

मी लॅपटॉप बोलतोय. गोडगोड बोलेन अशी आशा असेल तर आत्ताच उठा. माझं झाकण फुटलंय, एका कोपऱ्यात माणसाचं रक्त वाळलंय आणि पोलिसांनी माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवलीय. तिच्यावर लिहिलंय ‘हत्यार’. घ्या! उभ्या जन्मात मी मुंगीसुद्धा मारली नव्हती. मारणारे सगळे दुसरे, मी आपला मार खाणारा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. टोप्या घातलेल्या पोरींनी माझ्या पोटात तारा बसवल्या, स्क्रू आवळले आणि माझ्याकडे वळूनही न बघता पुढचा हातात घेतला. तिथून आलो इंदूरच्या एका कचेरीत. तिथला साहेब घरी भांडून आला की माझं एंटरचं बटण बुक्कीनं दाबायचा. माणसांची ही खोडच आहे. राग एकाचा, बुक्की दुसऱ्याला. मी कामात अडकलो की पाठीत धपाटा घालायचे, आणि नंतर आपोआप चालू झालो की म्हणायचे, बघा, धपाट्यानंच सुधारला. मला त्या वेळी बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर ऐकवलं असतं.

कचेरीत नवे आले, तसं आम्हा जुन्यांना पोत्यात भरून विकलं. बुऱ्हानपुरात शनवारा वेशीजवळ विनायकभाऊचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला पुसलं, बटणं बदलली आणि काचेत मांडलं. तिथून मला उचललं जैनाबादच्या शालिग्रामनं. केळीची शेती करणारा साधा माणूस. टॉवेलात गुंडाळून, मोटरसायकलवर पोटाशी धरून तो मला तापीच्या पुलावरून घरी घेऊन गेला. लेकीसाठी घेतलं होतं. लेक म्हणजे माझी कोकिळा. तिचा कम्प्युटरचा डिप्लोमा झालेला होता आणि लग्न होऊन ती निंबोल्याला नांदत होती. बाप तिला म्हणाला, “घे बेटा. रिकामी नको बसू. चार लोकांचं काम कर.”

ते दिवस सगळं सगळ्याला जोडायचे होते. वरून रोज नवा हुकूम यायचा. आधार बँकेला जोडा, बँक फोनला जोडा, फोन पुन्हा आधारला जोडा. रेशन जोडा, गॅस जोडा. बिचारी माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन बुऱ्हानपूरच्या रांगेत उभी राहायची. कोकिळानं घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, मला ठेवलं, शेजारी अंगठा घ्यायचं यंत्र ठेवलं आणि बाहेर पाटी लावली, ‘ऑनलाइन सेंटर’. निंबोल्याचा बुऱ्हानपूरला जायचा हेलपाटा वाचला.

काय एकेक अंगठे बघितलेत मी! केळीच्या चिकानं काळे पडलेले, कापूस वेचून झिजून गुळगुळीत झालेले. यंत्राला रेषाच सापडायच्या नाहीत. मग कोकिळा म्हणायची, “काकी, अंगठा जरा केसात फिरवा.” डोक्याचं तेल अंगठ्याला लागलं की रेघा उमटायच्या. काकी खूश, आम्ही खूश. म्हाताऱ्या जाताना माझ्या पडद्यावरून बोटं फिरवून स्वतःच्या कपाळावर मोडायच्या. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

बरं वाटत नव्हतं ते एकाला. तिचा नवरा गोटू.

गोटू केळीचे घड कापायचा. अंगात ताकद भरपूर, हात कोयत्यावर बसलेला, आणि तोच हात घरी आल्यावर बायकोवर. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मारायचा, आणि भाजी चांगली झाली तर कुणासाठी केली होती म्हणून मारायचा. मी टेबलावर बंद असलो की माझ्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसायचा आणि गालावर उठलेली त्याची बोटं दिसायची. तशीच ती पदर डोक्यावरून पुढे ओढायची आणि बाहेर आलेल्या माणसाला म्हणायची, “या भाऊ, बसा.” मला भयंकर संताप यायचा. आतला पंखा मोठ्यानं फिरवण्यापलीकडे मी काय करणार होतो?

एकदा त्यानं मलाच भिंतीवर फेकलं. कारण काय, तर उपसरपंचासमोर कोकिळा खुर्चीत बसली होती आणि हा दारात उभा होता. माझ्या डाव्या बाजूची पेन ड्राइव्ह लावायची खाच मोडली ती तेव्हा. उजवीकडची तेवढी उरली. बॅटरी तर आधीच गेलेली, वायर काढली की मी तिथल्या तिथे बंद.

सासू धुरपदाबाई हे सगळं बघायची. वाईट नव्हती हो. सुनेला तूप वाढायची, तिच्या पाठीला हळद लावायची. पण मुलापुढे तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्यानं हात उचलला की ही उठून गोठ्यात जायची.

आता मुख्य गोष्ट सांगतो. वरून हुकूम आला की सेंटरवाल्यांनी आपल्या मशीनवर नवी सिस्टीम टाकायची आणि स्वतःच्या अंगठ्यानं पुन्हा नोंदणी करायची. मुदत दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत. वरच्यांना सणवार कुठे असतात! नोंदणी चुकली की सेंटर दुसऱ्याला. आणि दुसरा तयारच बसला होता. उपसरपंचाचा साला, कडू. या कडूनं गोटूला दारू पाजून पाजून त्याच्याकडून शब्द घेतला होता, की बायको सेंटर सोडेल. कोकिळाला हे कळलं तेव्हा ती मला पुसत होती. पुसता पुसता मला म्हणाली, “हे गेलं ना, तर मले या घरात फक्त मार उरला.” असं ती माझ्याशी बोलायची. दुसरं होतं कोण?

खंडेनवमीच्या सकाळी तिनं माझ्या उजव्या खाचेत पेन ड्राइव्ह लावला आणि नवी सिस्टीम टाकायला सुरुवात केली. जुनं पुसलं जात होतं, नवं बसत होतं. अशा वेळी आमचं कसं असतं सांगू? जुनी पायवाट मिटलेली असते आणि नवा रस्ता झालेला नसतो. पडद्यावर स्पष्ट लिहून येतं, मशीन बंद करू नका. कोकिळानं ते वाचलं, वायर नीट बसवली आणि सणाची अंघोळ करायला न्हाणीत गेली.

इकडे धुरपदाबाई ओसरीत पूजा मांडत होती. खंडेनवमीला घरातली सगळी औजारं धुऊन मांडतात. विळे, फावडं, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि मधोमध गोटूचा घड कापायचा कोयता. त्या दिवशी औजारानं काम करायचं नाही, त्यानं विसावा घ्यायचा. म्हातारीनं सगळ्यांवर फुलं वाहिली, आणि तिची नजर माझ्यावर गेली. ती आत आली. मी घुरघुरत काम करतोय हे बघून तिला माझी दयाच आली असणार. “अरे, आज तरी थांब ना बापा,” म्हणाली आणि तिनं वायर काढली.

मी गेलोच. डोळ्यांपुढे अंधार.

पेन ड्राइव्ह उपटून तिनं ताटात ठेवला. मला नेऊन कोयत्याशेजारी मांडलं. हळदीकुंकू ओलं कालवलेलं होतं, त्यात अक्षता. झाकणाला लावलं, बाजूंना लावलं, जिथं भोक दिसेल तिथं बोट दाबलं. वर झेंडूची माळ घातली.

कोकिळा ओल्या केसांनी बाहेर आली आणि उंबऱ्यातच थिजली. धुरपदाबाईचा चेहरा नुसता फुलला होता. “पाह्य कोकिळे, तुह्यंबी औजार ठेवलं मी. हे बी राबते ना या घरात? आजपर्यंत माह्या ध्यानातच नाही आलं.”

कोकिळाच्या कामाला या घरात कुणी काम म्हटलं ते पहिल्यांदा, आणि तेच नेमकं असं! ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. सासूला वाटलं आनंदानं रडतेय. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिलाही कुंकू लावलं. मी माळेखाली मेल्यासारखा पडून होतो, पण खरं सांगतो, त्या म्हातारीवर मला रागावता आलं नाही.

दुपारी गोटू आला, कडूच्याच बैठकीतून. पूजेला हात जोडायला वाकला आणि मला बघून ताठ झाला.

“हा डब्बा माह्या कोयत्याजवळ कोणी ठेवला?”

“मी ठेवला रे बापा,” धुरपदाबाई म्हणाली.

“माह्या कोयत्यानं घर चालते! आन् ही मॅडम बटणं दाबते!” त्यानं मला लाथ घातली. मी ओसरीवरून अंगणात जाऊन आदळलो. माळ तुटली, विळे खणखणले. मग तो तिच्याकडे वळला. केस ओलेच होते तिचे, तेच मुठीत धरून त्यानं तिला खांबावर आपटलं. एकदा नाही. म्हातारी ओरडत होती, “गोटू, पूजेले पाय नको रे लावू! पूजेले पाय नको!” ऐकताय ना? सून खांबावर आपटतेय आणि हिला पूजेची काळजी. मी अंगणात मातीत तोंड खुपसून ऐकत होतो.

तो निघून गेल्यावर कोकिळानं मला उचललं. कपाळावरून रक्त येत होतं तिच्या, ते न पुसता तिनं आधी माझी माती पुसली. वायर लावली, बटण दाबलं. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, सिस्टीम सापडत नाही. तिनं पुन्हा दाबलं. तेच. पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तो धड आत जाईना.

दसऱ्याच्या सकाळी ती मला वायर, पेन ड्राइव्ह आणि अंगठ्याच्या यंत्रासकट पिशवीत घालून टमटमनं बुऱ्हानपूरला निघाली. विनायकभाऊचं दुकान अर्धं उघडं होतं. आत पाहिलं तर काय! त्याचे स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, डाख द्यायची मशीन, सगळं लाल कापडावर मांडलेलं आणि वर झेंडू.

“ताई, आज नाही हो,” विनायकभाऊ म्हणाला. “संध्याकाळी सोनं वाटलं की पूजा उचलतो. तोवर औजाराला हात नाही लावत. माझे वडीलपण नाही लावत होते.”

“संध्याकाळी माझं सेंटर गेलेलं असणार, भाऊ.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरची टेंगळं, फुटलेला ओठ. मान खाजवली, पूजेकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. “असं करा, तुमची औजारं तर मांडलेली नाहीत ना इथं? हात तुम्ही लावा. माझं तोंड चालेल. तोंडाची पूजा कोणी करत नाही.”

मग जे चाललं ते बघण्यासारखं होतं. हा बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या डोक्यावर वाकलेला, बोटं नुसती शिवशिवतायत, आणि कोकिळा बटणं दाबतेय.

“चालू करतानाच एफ बारा दाबून धरा. पेन ड्राइव्ह दिसतो?”

“नाही दिसत.”

“दुसऱ्या खाचेत लावा.”

“ती मोडली आहे.”

“अरे रे. मग मोबाइलची बत्ती मारा आत. काय आहे?”

तिनं वाकून पाहिलं आणि तिला हसूच आलं. त्या अवस्थेत हसू! “अक्षता आहे, भाऊ. कुंकवात बसलीय.”

“टाचणी? नाही, टाचण्या माझ्या पूजेत आहेत.”

तिनं पदराची पिन काढली. माझ्या खाचेत ती टोकदार पिन फिरू लागली तेव्हा माझा जीव कासावीस झाला. पण तिचा हात हलका. तांदळाचा दाणा लाल होऊन बाहेर पडला. पेन ड्राइव्ह आत बसला, पडद्यावर दिसला. विनायकभाऊ नाचायचाच बाकी राहिला. “आता जुना सी ड्राइव्ह पुसा. फक्त सी! डीला हात नका लावू, तिथं लोकांचं सगळं आहे.” तिनं तसं केलं. नवी सिस्टीम माझ्यात उतरू लागली. या वेळी वायरीजवळ ती स्वतः बसली, कुणी शिंकलं तरी दचकत होती.

सिस्टीम बसली. मी बंद झालो, चालू झालो. आणि काळा पडदा. सिस्टीम सापडत नाही.

कोकिळानं डोकं टेबलावर टेकवलं. “गेलं, भाऊ.”

विनायकभाऊ मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होता. “तारीख काय दाखवतंय हे? भलतीच जुनी. ताई, हे पडलं होतं?”

“लाथ बसली होती.”

“मग तेच! आतला छोटा सेल हलला असणार. हे आपल्या सवयी विसरलं. सिस्टीम बसलीय नव्या पद्धतीनं आणि हे शोधून राहिलं जुन्या पद्धतीनं. घर एका गल्लीत आणि हे दुसऱ्या गल्लीत दार वाजवतंय. टेन्शन नका घेऊ. एफ दोन दाबा, बूटच्या, म्हणजे चालू व्हायच्या पानावर जा, पद्धत बदला.”

तिनं बदलली. मी पुन्हा उठलो आणि या वेळी आपल्या दारात पोचलो. निळा उजेड तिच्या सुजलेल्या तोंडावर पडला. तिनं अंगठ्याचं यंत्र जोडलं, केसात अंगठा फिरवला आणि टेकवला. नोंदणी पूर्ण, असं आलं. विनायकभाऊनं तिला आपट्याची पानं दिली, वेळ व्हायच्या आधीच. म्हणाला, “घ्या सोनं. आज तुमचा दसरा.”

इथंच थांबलो असतो तर किती छान झालं असतं.

ती घरी आली, मला टेबलावर ठेवलं, वायर लावली. गोटू दारातच बसला होता. कडूनं त्याला सकाळपासून पाजली होती. “उद्यापासून कडू बसेल इथं. मी जबान दिली.”

“नोंदणी माझ्या अंगठ्यानं झाली,” कोकिळा म्हणाली. “आता सेंटर कोणाला देता येत नाही. आन् मी देणार नाही.”

नाही हा शब्द तिच्या तोंडून त्या घरात मी पहिल्यांदा ऐकला. गोटूनंही. त्यानं तिच्या पोटात गुडघा घातला. ती वाकली, तसा त्यानं टेबलावरून माझीच वायर ओढली आणि तिच्या गळ्याभोवती फिरवली. दोन्ही टोकं हातात धरून ओढली. कोयता चालवणारे ते हात! तिच्या तोंडून आवाज यायचा बंद झाला. पाय जमिनीवर घासत होते. धुरपदाबाई आपट्याच्या पानांचं ताट घेऊन दारात आली आणि तिच्या हातातलं ताट पडलं. “सोड! सोड रे, मरेल ती!” पण तो कुठला ऐकतोय.

कोकिळाचा हात टेबलावर चाचपडत होता. त्या हाताला मी लागलो. तिनं माझा कोपरा धरला, मला उचललं आणि मागे, होता नव्हता तेवढा जोर लावून हाणलं.

माझं टोक त्याच्या जबड्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या अंगातून गेला. माझा पडदा फुटला, त्याचे दात जमिनीवर पडले. वायर सुटली. ती गुडघ्यांवर कोसळली आणि श्वास ओढू लागली, घरघर, घरघर. मला विचाराल तर त्या क्षणी मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पुढचं सगळं ठाण्यात. गोटूनं तुटक्या जबड्यानं तक्रार दिली की बायकोनं जीव घ्यायला मारलं. हवालदारानं मला पिशवीत भरलं. मग धुरपदाबाईला विचारलं, आजी, काय पाहिलं? मला वाटलं, ही आता उठून गोठ्यात जाणार. पण तिथं गोठा नव्हता.

“लिहा दादा,” ती म्हणाली. “माह्या पोराचे दात पडले, म्हणून मले रडू येऊन राहिलं. ते येऊ द्या. पण पहिलं हे लिहा की त्यानं तिचा गळा आवळला. आन् त्याच्या आधीचं सगळं मी पाहिलं, लग्न झालं तेव्हापासून. मी बोलली नाही. तेबी लिहा.”

आता मी मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. कोकिळा जैनाबादला बापाच्या ओसरीवर दुसऱ्या मशीनवर काम करते, असं हवालदार एकमेकांत बोलत होते. धुरपदाबाई कधीतरी तापी ओलांडून तिला भेटायला जाते म्हणे. मी दुरुस्त होणार नाही, ते मला माहीत आहे. गोटूनं अर्ज केलाय की घरातली वस्तू आहे, निकाल लागला की मला परत द्या. जजसाहेब, भंगारात घाला, तापीत बुडवा, पण त्या हातात देऊ नका.

आणि एक मागणं आहे. कोर्टात तारखेला त्याचा वकील कोकिळाला उभी करून विचारेल, बाई, एवढ्या जोरात का मारलं? हळू मारता आलं नसतं का? तिला ते सगळं पुन्हा सांगायला लावू नका. मला विचारा. तिच्या गळ्याभोवती माझीच वायर होती. ती किती घट्ट होती, ते मला माहीत आहे.